बाविसाव्या पानावरची लोव्हिना

व्हर्मॉंट राज्यातल्या केल्सी हॉलोमध्ये माणूस मेला की त्याला टेकडीवर पुरत. लोव्हिना थ्रॉललाही तिथंच पुरलं होतं. पण टेकडीवर ती फार तर रविवारी भेटायची. बाकीचे सहा दिवस ती गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या खिळ्याला टांगलेली असायची, आणि तीही हसऱ्या चेहऱ्यानं.

याला कारण पंचांग. दर ऑक्टोबरात डॉक्टर ऑर्मसन यांच्या संजीवन अर्काची कंपनी फुकट पंचांगांचा गठ्ठा अ‍ॅन्सेल थ्रॉलच्या दुकानी पाठवायची. पौर्णिमा-अमावास्या, घेवडा कधी लावावा, डुक्कर कधी मारावं, बर्फ कधी पडेल, सगळं त्यात असायचं. कोपऱ्याला भोक, भोकात दोरा, म्हणजे घरी नेलं की थेट खिळ्यावर. आणि मधल्या पानांवर अर्कानं बरी झालेली माणसं. बाविसावं पान लोव्हिनाचं. गळ्याशी पिन, केस चापून बसवलेले, आणि खाली मजकूर: ‘पोटातली गाठ विरघळली. आता ठणठणीत आहे. ज्या भगिनींना काही विचारायचं असेल त्यांनी तिकीट लावलेलं पाकीट पाठवावं. मी आनंदानं उत्तर देईन.’

अ‍ॅन्सेल तिचा नवरा. गावातलं एकुलतं एक दुकान त्याचं, आणि दुकानाच्या कोपऱ्यातली टपालखिडकीही त्याचीच. गावाची काकवी, खिळे, रॉकेल, छिटाचं कापड आणि गावाची पत्रं, सगळं एकाच माणसाच्या हातून जायचं. माणूस सरळ होता. पिठात माती मिसळणारा नव्हता. म्हणून तर पुढचं सांगताना वाईट वाटतं.

अर्क लोव्हिनानं घेतला हे खरं, आणि तिला बरं वाटलं हेही खरं. अठराशे पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात तिसऱ्या बाटलीनंतर तिच्या अंगात वारं भरलं. शिडी लावून तिनं दुकानातल्या वरच्या फळ्या पुसल्या, गाणी म्हटली. न वाटून सांगतं कोणाला? त्या अर्कात अर्धीअधिक दारू होती. गावच्या दारूबंदी मंडळातल्या बायका तो चमचा-चमचा घ्यायच्या आणि सभेत जोरजोरात भाषणं करायच्या. त्याच सुमारास कंपनीचा फिरता माणूस आला. त्यानं तिच्याकडून पत्र लिहून घेतलं, पत्र्यावरचा फोटो काढवून नेला.

“अरे, मी छापून येणार!” लोव्हिना म्हणाली होती. “तुझ्या दुकानाची पाटी पुलावरून दिसत नाही, अ‍ॅन्सेल. मी देशभर दिसणार!”

सप्टेंबरात तिनं अंथरूण धरलं. मार्चच्या नऊ तारखेला ती गेली. आणि ऑक्टोबरात गठ्ठा आला. दुकानात शेगडीभोवती पाचसात माणसं उभी असताना अ‍ॅन्सेलनं सुतळी कापली, पान उलटलं, आणि बायको हसली.

माणसं शेगडीकडे बघू लागली. शेवटी केझायामावशी पुढे झाली. केझाया डोन, वय सत्तरच्या पुढे, नवरे दोन पुरलेले, जीभ मात्र शाबूत. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. तिनं चष्मा सावरून चित्र पाहिलं.

“बरी दिसतेय,” ती म्हणाली. “अंगावर मांसही आलंय. तिकडचं पाणी मानवलं म्हणायचं.”

अ‍ॅन्सेलनं कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं: ज्या दिवशी सदर मजकूर लिहिला, त्या दिवशी तो खरा होता, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, सोबत दोन डझन बाटल्या सप्रेम भेट. आणि अ‍ॅन्सेलनं त्या बाटल्या फळीवर मांडल्या. इथं त्याची बाजू घ्यायची मला मुळीच इच्छा नाही. लोक मागत होते, एवढंच तो म्हणायचा.

पंचांगं तर लोकांनी नेलीच. पंचांगाशिवाय शेत कसं करणार? हळूहळू गाव सरावलं. ‘लोव्हिना काय म्हणते? उद्या पाऊस?’ अशी थट्टा दुकानात सर्रास चालायची. टपालाची घोडागाडी हाकणारा हायरम तर अ‍ॅन्सेलच्या तोंडावर म्हणायचा, “पोस्टमास्तर, तुमच्या मंडळींनी काल आमच्या घरी अख्खी संध्याकाळ काढली. आमची ही म्हणाली, नवऱ्याकडे पाठवा आता.” अ‍ॅन्सेल हसायचा. हसला नसता तर रडावं लागलं असतं, आणि दुकानदाराला गिऱ्हाइकासमोर रडता येत नाही.

पहिलं पत्र नोव्हेंबरात आलं. ‘सौ. लोव्हिना थ्रॉल’ असं वर नाव, आत तिकीट लावलेलं पाकीट. मेन राज्यातली कुणी बाई विचारत होती, अजून बरं आहे ना? अ‍ॅन्सेलनं टाक बुडवला. ‘कळवण्यास दुःख होते की’ इतकं लिहायचं होतं. कागदावर उमटलं ते असं: ‘मी बरी आहे.’

तो त्या तीन शब्दांकडे बघत राहिला. मग पुढे लिहिलं, की आज थंडी आहे, सफरचंदं तळघरात रचून झाली, निळे पडदे धुतले. लोव्हिनाचं गोल, उजवीकडे कललेलं अक्षर त्याच्या हातात आपसूक आलं. अठरा वर्षं ते बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर वाचलं होतं. पाकीट बंद केलं, आणि त्या दिवशी मार्चनंतर पहिल्यांदा त्याला जेवण गोड लागलं.

मग ते व्यसनच झालं. पत्रं येत राहिली, महिन्याला तीन, कधी पाच. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की अ‍ॅन्सेल टपालखिडकीमागं बसायचा आणि लोव्हिना बोलायला लागायची. ती आज काय शिवतेय, कोंबड्या किती अंडी देतायत, नवरा कसा वेंधळा आहे. नवऱ्याच्या वेंधळेपणावर तर ती खुलून लिहायची. दुपारच्या पत्रात तिनं फरशी पुसली असं लिहिलं असेल, तर संध्याकाळी घरी गेल्यावर अ‍ॅन्सेल दारात बूट काढायचा. टेबलावर दोन कप मांडायचा. घर थंडगार असायचं आणि फरशीवर धूळ. पण पत्र तर गेलेलं असायचं, शिक्का मारून, सरकारी थैलीतून, आणि दूर कुठल्या तरी घरात त्या क्षणी एक बाई दुसरीला सांगत असायची, ‘लोव्हिना थ्रॉलनं आज फरशी पुसली.’ मग ती खोटी कशी म्हणायची?

अर्काबद्दल तो फारसं लिहायचा नाही. विचारलंच तर ‘मला गुण आला’ एवढंच. त्याला वाटायचं, हे काही खोटं नाही.

एकदा मात्र तो घाबरला. लोव्हिनाच्या भुवईवर एक बारीक व्रण होता, लहानपणी शेळीनं ढुशी मारली त्याचा. एका पत्रात तो त्याबद्दल लिहायला गेला आणि टाक थांबला. डावी भुवई की उजवी? त्यानं पंचांग उघडलं. फोटोवरून छपाईचं चित्र खोदणाऱ्यानं व्रण गाळूनच टाकला होता. दोन्ही भुवया सारख्या गुळगुळीत. डोळे मिटून बघितलं, तर आतही पंचांगातलीच बाई उभी. खरी लोव्हिना कुठं दिसेना. त्यानं शेळीबद्दल लिहिलंच नाही.

ऑर्फा स्ट्राउडचं पहिलं पत्र अठराशे अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात आलं, आयोवातल्या लिटल सँडी गावाहून. वय चौतीस, नवऱ्याचं नाव एनॉस, मूलबाळ नाही, पोटात डाव्या बाजूला गाठ. बाकीच्या बायका एकदा विचारून गप्प बसायच्या. ऑर्फा गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिला त्या माळरानावर चार मैलांत शेजार नव्हता, आणि मिळालेली मैत्रीण ती सोडणार नव्हती. दर पंधरवड्याला पत्र. दुसऱ्या पत्रातच ती ‘लोव्हिनाताई’ म्हणायला लागली, आणि तिसऱ्यात भांडायला.

भांडण पावावरून. अ‍ॅन्सेलनं झोकात लिहिलं होतं: ‘पहाटे उठून पीठ भिजवलं, आणि न्याहारीला ताजा पाव केला. हे खूश.’

ऑर्फानं लिहिलं: ‘लोव्हिनाताई, पहाटे भिजवलेलं पीठ न्याहारीपर्यंत फुगलं? तुमच्याकडचं आंबवण काय घोड्यावर बसून येतं? आम्ही बापड्या आदल्या संध्याकाळी भिजवतो, उबेला ठेवतो, रात्रभर वाट बघतो. तू पाव करतेस, की नवऱ्यासारखी नुसती खातेस? एनॉसलाही असंच वाटतं, पाव सकाळी झाडाला लागतो म्हणून.’

अ‍ॅन्सेल दचकला. दुकानात केझायामावशी लवंगा निवडत उभी होती. त्यानं अगदी सहज विचारावं तसं विचारलं, “मावशी, पावाचं पीठ कधी भिजवतात गं?”

“आदल्या संध्याकाळी. का रे, बेकरी काढतोस?”

“सकाळी भिजवलं तर?”

“तर न्याहारीला वीट मिळेल.” मावशी हसली. “अरे, पुरुष उठतो तेव्हा बाई पीठ मळत असते. त्याला वाटतं, काम आत्ताच सुरू झालं.”

अ‍ॅन्सेलला एक मातीचं भांडं आठवलं. रोज संध्याकाळी चुलीमागं, वर फडकं, फडक्यावर ताटली. अठरा वर्षं तो त्या भांड्याला वळसा घालून झोपायला गेला होता. त्यात काय असतं हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. आणि ही लोव्हिना आपण दोन वर्षं जिवंत ठेवली म्हणून मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होतो. त्याला स्वतःची लाज वाटली, खरोखर लाज वाटली.

मावशी लवंगा विसरून त्याच्याकडे बघत होती. मग तिची नजर खिडकीमागच्या पत्रावर गेली.

“अ‍ॅन्सेल,” ती हळू आवाजात म्हणाली, “त्या बायकांना तू काय लिहितोस?”

“उत्तरं.”

“कुणाच्या नावानं?”

त्यानं पत्रावर हात ठेवला.

“पोरा, मीही दोन नवरे पुरले. एकाचा कोट अजून खुंटीला आहे. कोटाशी मी बोलते सुद्धा. पण कोटाला दुसऱ्याच्या घरी सल्ला द्यायला पाठवत नाही. मेलेलीला झोपू दे की रे.”

“कुणाचं काय वाईट होतंय त्यात?”

“ते तुला टपालानं कळेल,” मावशी म्हणाली आणि लवंगा घेऊन गेली.

आणि कळलंच. नव्याण्णवच्या फेब्रुवारीत ऑर्फाचं पत्र आलं, जाड, दोन तिकिटं लावलेलं. त्यात थट्टा नव्हती.

‘ताई, गाठ वाढलीय. रक्त जातं. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, शहरात इस्पितळात जा, कापून काढू, अजून वेळ गेलेली नाही, पण वसंतापर्यंत थांबू नका. एनॉस म्हणतो जा. मला सुरीची भीती वाटते. आमच्या गावची एक बाई गेली ती परत आलीच नाही. तुझंही अगदी असंच होतं ना? डावी बाजू, रक्त, सगळं? आणि तू आज तीन वर्षं चालतीबोलती आहेस, पाव भाजतेस. सहावी बाटली चालू आहे. माझं इथं कुणी नाही. तू सांगशील तसं करीन. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण तू म्हण.’

अ‍ॅन्सेलनं दुकानाला आतून कडी लावली. भर दुपारी, शनिवारी. टाक घेतला आणि लिहिलं. स्वतःच्या नावानं लिहायला गेला, तर हात वळेना. अक्षर लोव्हिनाचंच आलं. मग तो थांबला नाही.

‘ऑर्फा, मी मेले. शहाण्णवच्या मार्चमध्ये नऊ तारखेला, सकाळी. डावी बाजू, रक्त, सगळं तुझ्यासारखंच. अर्कानं दोन महिने बरं वाटलं, मग सहा महिने मी ओरडत होते. शेवटची बाटली अर्धी राहिली, ती खिडकीत होती. इस्पितळात जा. आजच जा.’

पाकिटावर पत्ता घातला. पाकीट जाणाऱ्या टपालाच्या कप्प्यात ठेवलं. शिक्का मारायचा राहिला. सरकारी नियम त्याला पाठ होता: शिक्का मारला की पत्र पोस्टमास्तरचं राहत नाही. शिक्का नाही, तोवर ते आपलं.

सोमवारी हायरम थैली न्यायला आला. “एवढंच? की आणखी आहे?”

“एवढंच,” अ‍ॅन्सेल म्हणाला.

बुधवारी पुन्हा तेच. पाकीट कप्प्यातच. अ‍ॅन्सेल सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडे बघायचा. हे गेलं की लोव्हिना गेली. पहिल्यांदा गेली ती देवाच्या मर्जीनं. आता जाणार ती याच्या हातानं. पुन्हा कुणी ‘लोव्हिनाताई’ म्हणणार नाही. दारात बूट काढायचं कारण उरणार नाही. टेबलावर एक कप. असा विचार करणाऱ्या माणसाला मूर्ख म्हणणं सोपं आहे. मीही म्हणतो. पण ज्याच्या घरी एक कप आहे त्यानं म्हणू नये.

शुक्रवारी त्यानं दुसरं पत्र लिहिलं. गोड, गोल अक्षरात. ‘ऑर्फा, घाबरू नकोस. डॉक्टर म्हणतात तर त्यांनाही एकदा दाखवून बघ. पण घाई नको, आणि बाटली सोडू नकोस. मला गुण आला होता.’ हे लिहिलं आणि लगेच शिक्का मारला, पुन्हा विचार करायला नको म्हणून. खरं पत्र त्यानं खणात मागं सारलं.

हायरमची गाडी पुलापर्यंत गेली असेल, तोवर अ‍ॅन्सेलला कळून चुकलं की आपण काय केलं. तो दारापर्यंत धावला देखील. पण गिऱ्हाईक होतं, रॉकेल हवं होतं.

एप्रिल संपेपर्यंत उत्तर आलं नाही. मे गेला, जून गेला. त्यानं ऑर्फाला तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. इतर बायकांना उत्तरं लिहायला बसला की लोव्हिना बोलेना. टाक कोरडा व्हायचा. घरी चुलीमागची जागा त्याला डाचायला लागली. एके दिवशी भर सकाळी त्याला स्पष्ट वाटलं की तिथं भांडं आहे, फडक्याखाली काहीतरी हळूहळू फुगतंय. बघितलं तर नुसती राख. त्या दिवसापासून तो न्याहारी दुकानात करायला लागला, पिंपातली कोरडी बिस्किटं आणि चीज.

मावशीनं एकदा विचारलं, “पाववाली बाई लिहीत नाही का हल्ली?”

“नाही.”

“तू काय लिहिलं होतंस?”

त्यानं सांगितलं. मावशीनं हातातली पिशवी गल्ल्यावर ठेवली. मग म्हणाली, “यावर मी काही म्हणणार नाही. म्हणण्यासारखं काही नाहीच.” शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

ऑक्टोबर आला. गठ्ठा आला. नेहमीसारखी शेगडीभोवती माणसं. अ‍ॅन्सेलनं सुतळी कापली, बाविसावं पान उलटलं, आणि लोव्हिना नव्हती.

तिच्या जागी एक रुंद चेहऱ्याची, हनुवटीवर खळी असलेली बाई हसत होती. खाली नाव: सौ. ऑर्फा स्ट्राउड, लिटल सँडी, आयोवा.

“अगं बाई, लोव्हिना गेली वाटतं!” कुणीतरी म्हणालं.

अ‍ॅन्सेलला ऐकू आलं नाही. त्यानं तारीख पाहिली. मजकूर एप्रिलच्या दोन तारखेचा. म्हणजे एप्रिलमध्ये ती होती! वाचली होती! ‘पोटातली गाठ विरघळू लागली आहे. अंगात शक्ती आली.’ केवढं ओझं उतरलं! त्यानं धडाधड पंचांगं वाटली, पोरांना गोळ्या वाटल्या, हायरमच्या खिशात तंबाखू कोंबली. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक खिळ्यावर ऑर्फा लटकत होती.

सगळे गेल्यावर त्यानं मजकुराचा शेवट वाचला. ‘मी शस्त्रक्रियेला निघालेच होते. पण आधी व्हर्मॉंटच्या सौ. लोव्हिना थ्रॉल यांना विचारलं. त्यांनी बहिणीच्या मायेनं लिहिलं, घाई नको, बाटली सोडू नकोस. मी सोडली नाही. ज्या भगिनींना विचारायचं असेल त्यांनी तिकीट लावलेलं पाकीट पाठवावं.’

त्याचंच वाक्य होतं, छापलेलं. अंगात शक्ती आली. ते दोन महिने. शिडीवर चढून फळ्या पुसण्याचे ते दोन महिने त्यानं पाहिले होते.

तरी माणसाचं मन. बुडत्याला काडीचा आधार. त्यानं लोव्हिनाच्या अक्षरात चिठ्ठी लिहिली, ‘ऑर्फा, तू बरी आहेस ना? एका ओळीत कळव,’ आणि सोबत तिकीट लावलेलं पाकीट घातलं. गेली तीन वर्षं अनोळखी बायका लोव्हिनाला जे पाठवत होत्या, तेच आज त्यानं पाठवलं.

तीन आठवड्यांनी, नोव्हेंबरातल्या एका ढगाळ सकाळी, हायरमनं थैली ओतली आणि ते पाकीट वर आलं. अक्षर ऑर्फाचं. हो, तिचंच. जरा थरथरतं, ओळी खाली उतरलेल्या, पण आजारातून उठलेल्या माणसाचं असंच असणार. अ‍ॅन्सेलनं उभ्या उभ्याच फोडलं. मावशी शेगडीपाशी मोजे वाळवत होती.

“तिचं आहे, मावशी! ऑर्फाचं!” तो ओरडला. “ऐक. ‘लोव्हिनाताई, उत्तराला उशीर झाला, माफ कर. मी बरी आहे.’ बरी आहे म्हणते! ‘इथं बर्फ लवकर पडलं. बटाटे तळघरात गेले. कोंबड्या अंडी देईनात.’ बघ, सगळं नेहमीसारखं. ‘काल पहाटे उठून पीठ भिजवलं, आणि न्याहारीला ताजा पाव केला. हे...’”

तो थांबला.

“वाच की पुढं,” मावशी म्हणाली.

“‘हे खूश,’” अ‍ॅन्सेलनं वाचलं.

त्याचंच वाक्य होतं. शब्द न् शब्द. कुणीतरी त्याची जुनी पत्रं टेबलावर पसरून, त्यातलं एकेक वाक्य बघून उतरवलं होतं. आणि ज्यानं उतरवलं त्याला त्यातली चूक दिसली नव्हती. ऑर्फाला दिसली असती. ऑर्फानं हात तोडून घेतला असता, पण हे लिहिलं नसतं. त्या घरात हे न कळणारं एकच माणूस होतं, ज्याला वाटायचं की पाव सकाळी झाडाला लागतो.

मावशीला समजायला वेळ लागला नाही. तिनं मोजे खाली ठेवले.

“देवा रे,” ती म्हणाली. “दुसरा.”

अ‍ॅन्सेल पिंपावर बसला. त्याच्या डोळ्यांसमोर एक स्वयंपाकघर आलं, माळरानावरचं, चार मैलांत शेजार नसलेलं. टेबलाशी एक माणूस, हातात टाक, समोर दोन कप. चुलीमागं रिकामी जागा. शेजारी तिकीट लावलेल्या पाकिटांचा ढीग, कारण आता पत्रं ऑर्फाच्या नावानं जात होती, देशभरातून. त्यातली कुठली तरी आणखी एक बाई लिहीत असेल, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण तू म्हण.

“मी मारलं तिला,” तो म्हणाला.

मावशीनं ‘नाही’ म्हटलं नाही. ती उठली, टपालखिडकीमागं गेली, दौत, टाक आणि कागद आणून गल्ल्यावर ठेवले. “लिही,” ती म्हणाली. “आणि या वेळी तुझ्या अक्षरात.”

स्वतःचं अक्षर त्याला आठवावं लागलं. वेडंवाकडं, ठेंगणं, खिळ्यांच्या पुड्यांवर वजन लिहायचं ते. त्यानं सावकाश लिहिलं.

‘श्री. एनॉस स्ट्राउड यांस. मी अ‍ॅन्सेल थ्रॉल. माझी बायको लोव्हिना शहाण्णवच्या मार्चमध्ये त्याच गाठीनं वारली. त्यानंतरची तिची सगळी पत्रं मी लिहिली. बाटली सोडू नकोस हेही मीच लिहिलं, आणि खरं पत्र खणात ठेवलं. ते सोबत पाठवतो. ते तुमच्या घरी फेब्रुवारीत पोचायला हवं होतं. मी क्षमा मागत नाही. ती तुम्ही करू नये. पण तुमच्याकडे आता बायकांची पत्रं येत असतील. तुम्ही काय करताय आणि का करताय, हे या देशात बहुधा मला एकट्यालाच ठाऊक आहे. ते सोडा. त्यांना सांगा की ऑर्फा गेली. ती खरोखर होती, तिला खरंच मरू द्या. मी आज लोव्हिनाला मरू देतोय.’

खाली सही केली: अ‍ॅन्सेल थ्रॉल. खणातून ते जुनं पाकीट काढलं, आत सारलं, डिंक लावला.

बाहेर हायरमचे घोडे खूर आपटत होते. “पोस्टमास्तर, असेल तर द्या, बर्फ येतंय!”

अ‍ॅन्सेलनं शिक्का उचलला. मग खाली ठेवला. मावशीचा चेहरा पडला. तिला वाटलं, पुन्हा खणात जातंय. पण त्यानं ओला डिंक नखानं उचकटला, पत्र बाहेर काढलं, आणि सहीच्या खाली एक ओळ लिहिली.

‘पीठ आदल्या संध्याकाळी भिजवतात. मलाही ठाऊक नव्हतं. ऑर्फाबाईंनी सांगितलं.’

मग त्यानं शिक्का मारला.